गावाच्या खोलीत आम्हा मुलींनाही जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीला आमच्या गावचे मुंबईकर गावी आले की एका संध्याकाळी देवळात ग्रामस्थ मंडळाची बैठक बसते. यंदाच्या बैठकीत मुंबईत लालबागला गावाची जी खोली आहे, तिचा निर्णय व्हायचा आहे. इमारत पुनर्विकासाला चालली आहे. बिल्डर नवीन जागा द्यायला तयार आहे, जागा नको असेल तर पैसे. गावाचा कल पैसे घेण्याकडे दिसतो. त्या पैशांतून देवळापुढं सभामंडप बांधायचा, असं बोललं जातंय. त्या बैठकीला आजवर कधी बाई बसलेली नाही. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या होऊन कितीतरी वर्षं झाली, मंडळात मात्र एकही नाही. म्हणून मला जे सांगायचंय ते तुमच्या वर्तमानपत्रातून सांगते.

मी आजरा तालुक्यातली, वय २४. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, करून दोन वर्षांपूर्वी मुंबईला आले. परळच्या एका खासगी लॅबमध्ये लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते. राहते डोंबिवलीला, पीजीमध्ये.

गावाची खोली म्हणजे काय, हे आता मुंबईतल्याही पुष्कळांना माहीत नसेल. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या आमच्या भागातली माणसं मुंबईच्या कापड गिरण्यांत कामाला आली ती एकटी आली. बायकापोरं गावाकडंच. मग गावानं वर्गणी काढायची आणि लालबाग, परळ, शिवडी, भायखळा इथल्या चाळींत पागडीवर, म्हणजे एकदम मोठी रक्कम देऊन पुढं नाममात्र भाड्यानं, एखादी खोली घ्यायची. भाडेपावती एका माणसाच्या नावावर, पण खोली गावाची. दहा बाय बाराच्या त्या जागेत तीस-चाळीस माणसं राहायची. सगळी एका वेळी आत नसायचीच. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीत एक खुंटी, एवढीच त्याची मालकी. जेवण जवळच्या खानावळीत. गोव्याच्या लोकांचीही अशीच पद्धत होती. धोबी तलावच्या जेर महालात गोव्यातल्या गावागावांचे कूड होते, बोटीवर जाणारी माणसं तिथं उतरायची.

माझे आज्जा आमच्या खोलीत सोळा वर्षं राहिले. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आज्जा त्यांतलेच एक. चार महिने वाट बघून ते गावी परतले ते कायमचेच. ट्रंक मात्र तिथंच राहिली. 'पुन्हा बोलावतील' म्हणून ठेवली होती, असं आज्जी सांगायची. मी ती ट्रंक पाहिली आहे. हिरवी, कोपरे गंजलेले, झाकणावर पांढऱ्या रंगानं त्यांचं नाव आणि गावाचं नाव. बाबा मला पहिल्यांदा मुंबईला घेऊन आले तेव्हा आम्ही सकाळी ट्रॅव्हल्सनं दादरला उतरून तडक खोलीवर गेलो होतो. रवळनाथाची तसबीर, त्याखाली हिशोबाची वही, पोटमाळ्यावर ओळीनं ट्रंका. खोलीत त्या दिवशी सहाच माणसं होती. दोघं सिक्युरिटीत, एक डिलिव्हरीला जाणारा, एक गिरणी कामगारांच्या घराच्या कामासाठी आलेले म्हातारे, आणि टाटा हॉस्पिटलात भावाला दाखवायला आणलेला आमच्याच भावकीतला एक माणूस, त्या भावासह. चहा झाला. मग त्यांतल्या वडीलधाऱ्यांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "तू ऱ्हा की आठ दिवस. पोरीची मात्र दुसरीकडं सोय बघाय पायजे."

त्यांचं त्यात काही वाईट नव्हतं. एका खोलीत परक्या पुरुषांबरोबर मुलीनं झोपावं असं मीही म्हणणार नाही. त्या रात्री मी डोंबिवलीला बाबांच्या ओळखीच्यांकडं गेले, आणि मग डोंबिवलीच माझी झाली. पण आमच्या गावातून त्याच वर्षी आलेला माझ्या वर्गातला मुलगा खोलीवर राहिला. तो महिन्याला पाचशे रुपये देतो आणि परळला चालत कामाला जातो. माझे आज्जा आणि त्याचे आज्जा एकाच साच्यावर पाळी बदलून काम करत होते. वर्गणी दोघांनीही भरली होती.

माझा दिवस चार वाजता सुरू होतो. उपाशीपोटी द्यायचं रक्त सकाळीच घ्यावं लागतं, त्यामुळे सव्वासहाला मी लॅबमध्ये हजर पाहिजे. दोन खोल्यांत आम्ही नऊ जणी आहोत, मोरी एक. साडेचारला बाहेर पडायचं. रिक्षा मिळाली तर बरं, नाही तर स्टेशनपर्यंत वीस मिनिटं चालत. रस्त्यावर कुत्री आणि दूधवाले, दुसरं कोणी नाही. मी फोन कानाला लावून चालते, बहुतेक वेळा पलीकडं कोणी नसतं. गाडीत शिरलं की जीव भांड्यात पडतो. पहाटेच्या लेडीज डब्यात दादरच्या फुलबाजारात जाणाऱ्या बायका असतात, हॉस्पिटलातल्या आया आणि सिस्टर असतात, घरकामाला जाणाऱ्या मावश्या असतात. एखादी दिवस दोन दिवस दिसली नाही तर बाकीच्या विचारतात. मला ताप होता तेव्हा पहिला फोन या डब्यातल्या मावशींचा आला.

लॅबमधून पेटी घेऊन निघायचं आणि साडेनऊपर्यंत नऊ-दहा घरं करायची. बाहेरच्याला हे काम साधं वाटतं, सुई टोचली आणि झालं. तसं नसतं. दंडाला पट्टा बांधला की तो मिनिटाच्या वर ठेवायचा नाही, नाही तर रिपोर्ट चुकतो. नळ्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी पिवळ्या झाकणाची, मग जांभळ्या, राखाडी शेवटी. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं, त्याचा थेंब चुकून पिवळ्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं आणि कॅल्शियम कमी दिसतं. डॉक्टर त्या आकड्यावर औषध देणार. त्यामुळे पाच तासांच्या झोपेवर मला हे काम करायचं नसतं, आणि महिन्यातले निम्मे दिवस तरी मी तसंच करते. आदल्या दिवशी रिपोर्टच्या नोंदी संपून, गाडी पकडून, जेवून आडवं व्हायला साडेदहा-अकरा होतात. परळ ते डोंबिवली आणि परत, दारापासून दारापर्यंत धरलं तर रोजचे तीन तास जातात. लालबागची आमची खोली माझ्या लॅबपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे.

पैशांचंही सांगते, कारण बैठकीत पैशांचीच भाषा होणार आहे. पगार १९,००० रुपये. पीजीचे ७,५००. म्हणजे शंभरातले ३९ रुपये एका कॉटसाठी जातात. डबा ३,०००. घरी ४,००० पाठवते. उरलेल्यात पास, रिक्षा, फोन, औषध. नोकरी करणाऱ्या महिलांसाठी वसतिगृहं बांधायची केंद्र सरकारची योजना १९७२-७३पासून आहे. तिच्या नियमांत लिहिलंय की अनेकींच्या खोलीत राहणारीकडून पगाराच्या साडेसात टक्क्यांहून जास्त भाडं घ्यायचं नाही. माझ्या पगारावर ते १,४२५ रुपये होतात. मी दोन वसतिगृहांत अर्ज दिले. दोन्हीकडं प्रतीक्षायादी. एका ठिकाणी बाईंनी चांगुलपणानं सांगितलं, "बाळा, तुझा नंबर येईपर्यंत तुझं लग्न होईल."

पीजीत गॅस वापरायला बंदी आहे. गेल्या दिवाळीनंतर बाबांनी दहा किलो घनसाळ दिला होता. आजऱ्याचा हा तांदूळ शिजला की आळीभर वास जातो. माझ्याकडं तो चार महिने कॉटखाली डब्यात पडून होता. कडुनिंबाचा पाला घातला तरी किडे झालेच. शेवटी निवडून-पाखडून डबा देणाऱ्या मावशींना दिला. त्यांनी एका रविवारी तो शिजवून आम्हा नऊ जणींना वाढला. त्यातली एक परभणीची, दोघी जळगावच्या, एक वाशीमची. 'हा कसला भात गं' म्हणून सगळ्यांनी दोनदा घेतला. आम्ही नऊ जणी गावाकडून आल्या आहोत आणि नवांचे आईबाप रात्री फोनवर एकच विचारतात, पोहोचलीस का? आमच्या एकट्या गावातल्या अकरा मुली आज मुंबई-पुण्यात नोकरीला आहेत. दोघी सिस्टर, एक बँकेत, एक कोर्टात टायपिंगला, बाकीच्या दुकानांत आणि ऑफिसांत. मंडळाच्या वहीत यांतल्या एकीचंही नाव नाही.

आता जी गोष्ट सांगते, तिच्यामुळेच हे पत्र लिहायला बसले.

फेब्रुवारीत मला चिंचपोकळीजवळच्या एका चाळीतला पत्ता आला. तिसरा मजला, ऐंशीच्या पुढच्या आज्जी, जुना मधुमेह. हाताच्या शिरा बसलेल्या होत्या. कोपराजवळ सापडेना म्हणून मी त्यांचा तळहात कोमट पाण्याच्या भांड्यात धरून ठेवला आणि मनगटाच्या वर चाचपत म्हटलं, "घाबरू नका आज्जी, मी अगदी हळू टोचतो." आमच्याकडं बायका 'येतो, जातो' असंच बोलतात. मुंबईत मी ते सांभाळून बोलते, पण हातात सुई असली की तोंडात घरचं येतं. आज्जींनी मान वर केली.

"टोचतो म्हणालीस? कोल्हापूरकडची काय गं तू?"

"आजऱ्याची."

"आजऱ्याची पोरं माझ्याकडं जेवायला हुती की. चंदगडची पण हुती. भातखाऊ पोरं. भाकरी दोन खायची, भात मात्र ह्यो एवढा लागायचा."

शीर सापडली होती. रक्त नळीत येत होतं आणि त्या बोलत होत्या. नवरा गिरणीत, चार मुलं, घरात भागेना म्हणून त्यांनी खानावळ घातली. पंधरा-सोळा जण जेवायला. पहाटेच्या पाळीचा डबा वेगळा, रात्रपाळीचं ताट वेगळं. महिन्याचा हिशोब, कोणी गावी गेला तर खाडा धरायचा. पैसे पगाराला मिळणार, किराणा मात्र रोज लागणार, म्हणून वाण्याकडं नाही तर सावकाराकडं हात पसरायचा. प्रेमा पुरव यांनी १९७५ला खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यात या आज्जी होत्या. बँकेचं पहिलं कर्ज सही करून घेतलं, हे सांगताना त्यांनी मोकळ्या हातानं हवेत सही काढून दाखवली. संपात पोरांच्या हाती दिडकी नव्हती तरी त्यांनी त्यांना किती तरी दिवस उधारीवर जेवू घातलं. काहींनी पुढं गावाकडून तांदूळ पाठवून फेडलं, काही परत दिसले नाहीत.

मी कापूस दाबून धरला होता. त्यांनी विचारलं, "मग तू ऱ्हातीस कुठं? गावच्या खोलीवर?"

म्हटलं, "नाही आज्जी, तिथं मुलींना ठेवत नाहीत."

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "वीस वर्सं जेवाय घातलं त्यांस्नी. पण त्या खोलीचा उंबरा मी बी कवा ओलांडला न्हाई."

गिरणगावात बायका नव्हत्या असं कुणी म्हणू नये. गिरणीत वाइंडिंगला आणि रिळिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत, बायका होत्या, खानावळी त्यांच्या होत्या, आणि गावाकडं शेत करून म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बायका होत्या म्हणून तर पुरुषांना निर्धास्तपणे खोलीवर राहता आलं. खोलीच्या पहिल्या वर्गणीसाठी आमच्या आज्जीनं कानातलं मोडलं होतं. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. वहीत तिचं नाव नाही, आज्जांचं आहे.

मंडळातल्या जाणत्यांचे आक्षेप मला माहीत आहेत. बाबांनी ते ऐकवले आहेत. पहिला असा की मुलगी लग्न होऊन जाते, मग तिचा गावाच्या मालमत्तेशी संबंध काय? मी मालकी मागत नाही, मुक्काम मागते. खोलीवर राहिलेल्या पुरुषांनाही मालकी कधी नव्हती. सरकारी वसतिगृहात तीन वर्षांची मुदत असते, तीच आपणही ठेवावी. तीन वर्षांत मुलगी कामात रुळते, चार पैसे साठवते, मैत्रिणी जोडते, मग ती स्वतःची सोय बघेल आणि तिच्या जागी दुसरी येईल. मीही तेव्हा जाईन. दुसरा आक्षेप जबाबदारीचा. काही झालं तर गावाला तोंड कसं दाखवायचं? हा प्रश्न मला पटतो, पण त्याचं उत्तर खोली नाकारणं हे नाही. खोली नाकारल्यामुळे मी पहाटे साडेचारला सुनसान रस्त्यावर एकटी असते, तेव्हा ती जबाबदारी कुणाची? तिसरा, चाळीत संडास सामाईक आणि खोली एकच, मुलं-मुली एकत्र कशी राहणार? हा आक्षेप खरा होता. पण पुनर्विकासात तोच निकाली निघतोय. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीतल्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांची जागा मिळते, आत संडास-बाथरूम. सरकारी बीडीडी चाळींत तर १६० चौरस फुटांच्या खोलीला ५०० फुटांचं घर ठरलं आहे, आणि त्या चाळींतही गावांच्या खोल्या आहेत. दाराला आतून कडी असलेली, स्वतःची मोरी असलेली जागा गावाला पहिल्यांदाच मिळते आहे, आणि नेमकी तीच विकायची म्हणतात.

सभामंडपाला माझा विरोध नाही. रवळनाथाच्या पायरीवर मीही वाढले. पण मंडपासाठी पुन्हा वर्गणी निघेल, आम्ही अकरा जणीही देऊ. लालबागला जागा मात्र एकदा सोडली की आमच्यासारख्या गावाला ती सात जन्मांत घेता येणार नाही. शिवाय टाटाला, केईएमला येणारा पेशंट पुढच्या वर्षी कुठं उतरणार, याचाही विचार व्हायला हवा. त्या दिवशी खोलीत पाहिलेला तो भाऊ पुढं आठ महिने तिथूनच उपचाराला जात होता.

ज्या गावांच्या दोन खोल्या आहेत त्यांनी एक मुलींना द्यावी. ज्यांची एकच आहे त्या शेजारच्या चार गावांनी मिळून ठरवावं, एका गावाची जागा मुलींसाठी, बाकीच्यांच्या मुलांसाठी. आमच्या पट्ट्यातल्या तीन गावांच्या खोल्या लालबागच्या एकाच गल्लीत आहेत, तेव्हा हे न जमण्यासारखं नाही. भाडेपावती ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या वारसांकडून करार होण्याआधी लेखी घ्यावं की ही जागा गावाची आहे. मंडळ नोंदणीकृत नसेल तर आधी ते नोंदवावं. वारसानं परस्पर पैसे घेतले आणि गाव बघत राहिलं, असं शेजारच्या एका गावाचं झालंय. मुलींच्या जागेची वही मुलींनीच लिहावी, देखरेखीला मुंबईत संसार थाटलेल्या गावच्या दोन बायका नेमाव्यात. नियम जे मुलांना तेच मुलींना. महिन्याची वर्गणी पाचशेची हजार केली तरी आम्ही देऊ.

हे पत्र गणपतीच्या आधी छापता आलं तर फार उपकार होतील. बाबा म्हणालेत, छापून आलं तर कात्रण घेऊन ते स्वतः बैठकीत उभे राहतील आणि वाचून दाखवतील. मला रजा मिळाली तर मीही येणार आहे. बसायला देतील तिथं बसेन. ट्रंक कुणाच्याही वाट्याला आली तरी चालेल, ती फक्त भंगारात घालू नये, एवढं बाबांना सांगून ठेवलंय.

आपली,
आजरा तालुक्यातील एक वाचक, सध्या डोंबिवली
(गाव लहान आहे, कृपया नाव व गाव छापू नये.)